दोन सेल आणि मूठभर पिना

पप्पा कुणापाशी माझ्याबद्दल काही चांगलं बोलले की मी ओळखते, काहीतरी बिघडलेलं आता घरी येणार. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला नक्की काय येतं आणि काय येत नाही, हे पप्पांना सांगणारं कुणी नाही. ज्याला वायर आहे ते सगळं मला येतं, असं ते धरून चालतात. एकदा मी समजावून पाहिलं होतं.

"पप्पा, आम्हाला मिक्सर शिकवत नाहीत. समीकरणं असतात आम्हाला."

"असू द्यात की. समीकरणं येत्यात तर मिक्सर न्हाय का यायचा?"

मग शेजारच्या काकूंचा मिक्सर मी उघडला, आतली सुटलेली वायर मला दिसली, मी ती जोडली. नशीब माझं. पप्पांच्या दृष्टीने मात्र ते नशीब नव्हतं, कॉलेज होतं.

पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. कुठला माग रुसलाय हे पप्पा दारातून आत शिरतानाच आवाजावरून सांगतात. यंदा नवरात्राच्या आधी कारखान्यात साफसफाई चालली होती. खंडेनवमीला मागांची आणि हत्यारांची पूजा असते, म्हणून त्याआधी माळ्यापर्यंत सगळं निघतं. त्यात ऑफिसच्या माळ्यावरून मालकांची लहानपणची गाडी निघाली. रिमोटवर चालणारी. मालक आठवीत असताना त्यांच्या मामांनी परदेशातून आणलेली. आता मालकांच्या मिशासुद्धा पांढऱ्या झाल्यात.

त्या संध्याकाळी पप्पा मोटरसायकलच्या मागे सुतळीने बांधलेलं एक खोकं घेऊन आले आणि त्यांनी ते माझ्या पुस्तकांवरच ठेवलं.

"मालक नुसतं बघत बसले हुते हिच्याकडं. म्हणले, जॉबर, हिची बॅटरी आता कुटं मिळायची? मी म्हणलो, माझी पोरगी करंल की."

"पप्पा! मला न विचारता?"

"इचारायचं काय त्यात? खंडेनवमीला पूजेत ठिवायची म्हणत्यात. चालू करून."

"आणि नाही झाली तर?"

पप्पांनी बूट काढता काढता मान वर केली. "तसं कसं?" असं त्यांनी इतक्या साधेपणाने विचारलं, की मी खोक्याची सुतळी सोडायला घेतली.

आई शिलाई मशीनवर टॉवेलच्या कडा मारत होती. पाय न थांबवता ती म्हणाली, "आता करावंच लागंल तुला. यांनी शब्द देऊन ठिवलाय."

तो शब्द साधा नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. माझ्या अ‍ॅडमिशनच्या वेळी पप्पांनी सुट्टी मागितली तेव्हा मालक म्हणाले होते, "एवढं शिकवून काय करायचं, जॉबर? शिलाईला माणसं कमी पडत्यात. आईच्या जोडीला बसवा की तिला." मालक वाईट माणूस नाहीत. त्यांनी सुट्टी दिली, वर पेढेही मागितले. पण पप्पा तेव्हा काहीच बोलले नव्हते. घरी येऊन आईला सांगताना मी ऐकलं होतं. त्या दिवशी न दिलेलं उत्तर पप्पांनी सव्वा वर्षाने त्या खोक्यातून घरी आणलं होतं. गाडी पळाली तर उत्तर बरोबर, नाही पळाली तर चूक. आणि ते लिहायचं मी.

खोकं उघडलं तेव्हा मात्र मी भीती विसरले, हे खरं सांगते. गाडी लाल होती, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. मागची चाकं जाड, खाचांची, पुढची बारीक. प्रत्येक चाकाला स्वतःची स्प्रिंग. गाडी दाबली की बसायची आणि सोडली की जागच्या जागी उठून उभी राहायची, झोपेतून उठवल्यासारखी. वरचं लाल कवच चार छोट्या क्लिपांनी बसवलेलं. क्लिपा काढल्या की सगळं पोट समोर. मोटर, दातेरी चाकं, आणि मधोमध एक सरकणारी पितळी पाती. ती पाती तांब्याच्या पट्ट्यांवरून इकडून तिकडे सरकली की गाडी हळू किंवा जोरात जायची. आपल्या जुन्या पंख्याचा रेग्युलेटर असतो तसं. हल्ली हे काम एक इवलीशी चीप करते. इथे ते डोळ्यांनी दिसत होतं. पुस्तकातलं पान कुणीतरी उघडून हातात दिल्यासारखं वाटलं मला.

बॅटरीचं मात्र भजं झालं होतं. सहा जाडजूड सेल एका प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, आणि त्यांच्या टोकांना पांढरं मीठ फुटलेलं. रिमोटमधल्या पेन्सिल सेलनीही स्प्रिंगा खाल्ल्या होत्या. त्या मी लिंबू लावून, घासून साफ केल्या. आई म्हणाली, "तांब्याची भांडी घासायला कधी हात लावला न्हाईस, आता बरं लिंबू सापडलं."

दुसऱ्या दिवशी गाडी पिशवीत घालून कॉलेजला नेली. प्रॅक्टिकल संपल्यावर सरांना विचारून लॅबमधल्या पॉवर सप्लायला मोटर जोडली. आधी काहीच झालं नाही. मी बोटाने चाक थोडं ढकललं आणि मोटर खोकल्यासारखी करून फिरायला लागली. जळक्या धुळीचा वास आला. माझ्या आधी जन्मलेली वस्तू माझ्या हातात जिवंत झाली होती. मी इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत नव्हतं, म्हणून मी एकटीच हसले.

म्हणजे प्रश्न फक्त बॅटरीचा होता. जुन्या सहा सेलांचं मिळून जेवढं व्होल्टेज व्हायचं, जवळपास तेवढंच आजच्या दोन लिथियम सेलांचं होतं. कागदावर गणित दोन ओळींत सुटलं. समीकरणं येत्यात तर मिक्सर न्हाय का यायचा.

पण कागदावरची बॅटरी गाडीत बसत नाही. विजापूर वेशीच्या मागच्या एका गल्लीत इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. मैत्रिणीच्या भावाने पत्ता दिला होता. मी दुकानाबाहेर बराच वेळ उभी राहिले, तेव्हा चाचाच म्हणाले, "बोलो बेटी, धूप में कायकू खडे?"

मी मैत्रिणीने दिलेले जुन्या लॅपटॉपचे दोन सेल पुढे केले आणि काय करायचंय ते सांगितलं. चाचांनी सेल बघितले आणि माझ्याच पिशवीत परत टाकले.

"ये नक्को. मोटर है ना? मोटर कू भूक भोत लगती. एकदम मांगती वो. ड्रिल मशीन में रहते ना, वो सेल ले."

"आणि मी सोल्डर करून..."

"सेल पे सोल्डर? नक्को नक्को नक्को!" चाचांनी दोन्ही कान पकडले. "गरम हुआ तो रूठता. रूठ्या तो आग लगाता. मैं पट्टी मार देतूं, तू पट्टी कू वायर लगा. तेरा भी नाम, मेरा भी नाम."

त्यांनी मशीनवर टक टक करून दोन सेलांना पातळ पट्ट्या मारून दिल्या. दोन्ही सेल सारखे भरणारा चार्जर दिला. आणि बोटाएवढा एक बझर दाखवला. जुनी बॅटरी संपत आली की गाडी हळू पडायची, दमल्यासारखी. नवी तसं करत नाही. ती शेवटपर्यंत जोरात पळते, आणि ठरावीक पातळीखाली गेली की सेल कायमचा मरतो. जुन्या गाडीला हे कळायची सोयच नाही. म्हणून हा बझर. सेल ठरलेल्या पातळीखाली गेला की तो बोंबलतो.

"ये चिल्लाया तो रुकना," चाचा म्हणाले. "कोई भी बोलने दे, 'और एक बार, और एक बार'. रुकना मतलब रुकना."

मी मान डोलावली. कुणाला थांबा म्हणायचं हे माझ्याच्याने होणार नाही, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

घरी मी पट्ट्यांना वायरी सोल्डर केल्या, मध्ये एक फ्यूज घातला, सगळं दोनदा तपासलं, मग तिसऱ्यांदा. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत गाडी ठेवली. पप्पा उंबऱ्यात चहा घेऊन बसले होते. मी रिमोटचा दांडा जरासा पुढे केला.

गाडीने पुढची दोन्ही चाकं वर उचलली, मागच्या चाकांवर घोड्यासारखी उभी राहिली आणि उताणी पडली. चाकं आभाळाकडे करून फिरत राहिली.

पप्पांचा चहा नाकात गेला. आई बाहेर येऊन म्हणाली, "काय झालं?"

"काय न्हाय. मालकांची गाडी नमस्कार करतीय."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती भिंतीवर चढायला गेली. मी रडवेली झाले होते, पण हसूही आवरत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन मी जुनी बॅटरी आणि नवी बॅटरी दोन्ही तोलून घेतल्या. ("काय गं, बॅटरीची आमटी करतीस का?" दुकानदार म्हणाले.) नवी बॅटरी जुनीपेक्षा पाव किलोला थोडं कमी, एवढ्याने हलकी भरली. शक्ती जास्त आणि वजन कमी. गाडी पळायला बसवली होती जुन्या ओझ्यासकट. ओझं काढलं तर तिचा तोल गेला.

"वजन पायजे व्हय?" पप्पा म्हणाले. "मग सांगायचं न्हाय का."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामावरून येताना खिशातून भंगारातल्या पिना आणल्या. मागावर प्रत्येक धाग्याला एक पातळ पोलादी पट्टी लटकत असते. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग थांबतो. आम्ही त्यांना पिनाच म्हणतो. वाकलेल्या, गंजलेल्या पिना टाकून देतात. पप्पांनी त्यातल्या मूठभर सुतात ओवून त्यांच्या नीट गड्ड्या बांधल्या. पोलाद सेलाला टेकलं तर काय होईल या भीतीने मी प्रत्येक गड्डीला टेपचे इतके वेढे दिले, की पप्पा म्हणाले, "माय, थंडीत न्हेतीयास का त्यास्नी?"

गड्ड्या कुठे ठेवायच्या याचं मी गणित मांडत होते. पप्पांनी गाडी दोन बोटांवर उचलली. जुन्या मागावर आडवा धागा नेणारा धोटा हातात घेतल्यावर त्याचा तोल बघतात तशी. गाडी मागे कलली. त्यांनी एक गड्डी पुढे सरकवली, परत उचलली. अजून एक. मग गाडी त्यांच्या दोन बोटांवर सरळ राहिली.

"हितं," ते म्हणाले.

मी गणित पूर्ण केलं. उत्तर साधारण तिथेच आलं. ते मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या वहीकडे असं बघितलं, जसं शंका खरी ठरल्यावर मी दुकानदाराच्या तराजूकडे बघितलं होतं.

त्या संध्याकाळी गाडी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. नमस्कार न करता. आईने मशीन थांबवून तीन फेऱ्या बघितल्या. सण सोडून मी आईला मशीन थांबवून काही बघताना फारसं पाहिलेलं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मला कॉलेजात परीक्षा होती. मी सकाळी बॅटरी भरून, गाडी खोक्यात ठेवून गेले. संध्याकाळी पप्पा ती कारखान्यात पोचवणार होते. माझी सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, ब्रश आणि चिमटाही बरोबर दे म्हणाले. मला वाटलं, काही बिघडलं तर लागेल म्हणून मागतायत.

खंडेनवमीला सकाळी आम्ही तिघं कारखान्यात गेलो. मी लहानपणापासून दरवर्षी जाते, पण आत शिरताना दरवर्षी मला दचकायला होतं. रोज या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. त्या दिवशी एकही माग चालत नाही. मागांना झेंडूच्या माळा घातलेल्या, फरशी धुतलेली, आणि छताशी चिमण्यांचा आवाज. कामगार नव्या शर्टात, एकमेकांशी हळू बोलत होते. सवय नसल्यामुळे मधूनच कुणीतरी मोठ्याने ओरडून बोलायचं आणि मग सगळे हसायचे.

पूजेचा पाट पहिल्या मागापुढे होता. त्यावर मधोमध लाल गाडी, आणि तिच्यापुढे हत्यारांची रांग. पप्पांचे पाने मोठ्यापासून छोट्यापर्यंत, पक्कड, हातोडी, कैची. आणि रांगेच्या शेवटी, पप्पांच्या सगळ्यात लहान पान्याच्या शेजारी, माझी सोल्डरिंग आयर्न. मल्टिमीटरच्या काळ्या-लाल वायरी वळून नीट ठेवलेल्या.

मी पप्पांकडे बघितलं. ते दुसरीकडेच बघत होते.

मालकांच्या आईंनी पूजा केली. त्या फार थकल्यात, मराठी समजतं पण बोलतात बरंचसं कानडी. सगळे त्यांना अव्वा म्हणतात. आमच्याकडे हत्यारांना हळदकुंकू लावतात. अव्वा विभूती लावतात, तीन बोटांनी, आडवी. प्रत्येक मागाला, प्रत्येक पान्याला त्यांनी ती लावली. माझ्या आयर्नलाही लावली. गाडीचं कवच मालकांनी आधीच काढून ठेवलं होतं, आतलं सगळ्यांना दिसावं म्हणून. अव्वांनी तिच्या पोटावरही विभूतीची चिमूट मनापासून सोडली.

आरती झाली. मालकांनी गाडी पाटावरून उचलून दोन मागांच्या मधल्या वाटेत ठेवली. मी बॅटरीची पिन जोडली आणि मागे सरकले. मालकांनी रिमोटची एरियल पूर्ण बाहेर ओढली.

पुढची चाकं डावीकडे वळली. उजवीकडे वळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मालकांनी दुसरा दांडा पुढे केला.

काहीच झालं नाही.

परत केला. आत छोटा कुर्र आवाज आला, पाती सरकली, पण मोटर गप्प. रोजच्या गोंगाटात कुणाला कळलंही नसतं. त्या शांततेत मात्र ती कुर्र शेडच्या शेवटच्या मागापर्यंत ऐकू गेली असणार.

एक कामगार म्हणाला, "अव्वा, तुमी विभूती लावली आन् गाडी बैरागी झाली बघा. आता कशाला पळतीय ती!"

मोठा हशा झाला. दुसरा म्हणाला, "आता तिला मठातच ठिवा."

मालकही हसले, पण त्यांनी अव्वांकडे जरा वैतागून बघितलं. "अव्वा, आत कशाला टाकलीस?"

अव्वांच्या तीन बोटांना अजून विभूती होती. त्यांनी ती बोटं पदरात लपवली. "एनात?" त्या मला विचारत होत्या. काय झालं?

मी खाली बसले आणि आधी बॅटरीची पिन काढली. वाकून पातीकडे बघितलं. पाती आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्यामध्ये राखाडी लगदा बसला होता. विभूती होती खरी, त्यात कापसाचा तूसही होता. पण कोरडी विभूती फुंकरीने उडाली असती. ही उडत नव्हती. मी बोट लावलं. बोट बुळबुळीत झालं. वास घेतला, आणि तो वास मी ओळखला. आईच्या शिलाई मशीनचं तेल.

मग सगळं लक्षात आलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जॉबर काय करतो? प्रत्येक माग पुसतो आणि जे जे हलतं त्याला तेल देतो. पप्पांनी गाडी पोचवण्याआधी तेच केलं होतं, आणि मागाचं तेल जाड पडेल म्हणून खास आईचं पातळ, पाण्यासारखं तेल घेतलं होतं. चाकांना, स्प्रिंगांना. आणि जी पाती सगळ्यात जास्त हलते, तिला. ती पाती कोरडीच राहायला हवी, तिच्यातूनच वीज जाते, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. गल्लीत आठवडाभर आम्ही दोघं त्या गाडीवर वाकून बसलो होतो आणि मी एकदाही ते सांगितलं नव्हतं.

पप्पा माझ्या मागे उभे होते. मी वर बघितलं नाही. विभूती आहे असं म्हटलं असतं तर सगळे परत हसले असते आणि प्रकरण मिटलं असतं. तेल म्हटलं की पुढचा प्रश्न, कुणी घातलं. मालकांसमोर, सगळ्या कामगारांसमोर, सणाच्या दिवशी. पण समोर अव्वा होत्या आणि त्यांचा हात पदरातच होता.

"विभूतीचं काही नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की मालकांनी "काय?" म्हणून विचारलं. मी परत म्हणाले, "विभूतीमुळे नाही झालं, मालक. तेल आहे आत. तेलाला ती चिकटली. नुसती असती तर उडून गेली असती. आणि... ही जागा कोरडी ठेवायची असते, हे मी सांगायला पाहिजे होतं. ते मी सांगितलं नाही."

"तेल कुणी घातलं?"

चिमण्या तेवढ्या बोलत होत्या.

"मी," पप्पा म्हणाले.

मी मान वर केली. त्यांचे कान लाल झाले होते. "काल पुसली, आन् तेल दिलं. सगळ्याला दिलं, तिला बी दिलं. हात जातोच, मालक."

क्षणभर मला वाटलं, संपलं. मग मघाचाच कामगार म्हणाला, "वाचली गाडी! जॉबर हायत, ग्रीस न्हाय भरलं हे नशीब." आणि मालकांना असं हसू फुटलं, की त्यांनी मागाला धरलं. "जॉबर," ते म्हणाले, "तुम्ही माझ्या ऑफिसच्या पंख्यालापण तेल घालून ठेवलं होतं, आठवतंय का? आठ दिवस माझ्या डोक्यावर ठिबकत होता!" आता पप्पाही हसायला लागले. आई पदर तोंडाला लावून हसत होती. अव्वांनी हात बाहेर काढला.

"निघंल का आता?" पप्पांनी मला विचारलं.

काढायचं कसं हा प्रश्न होता. पूजेतल्या हत्यारांना त्या दिवशी हात लावायचा नसतो. माझा छोटा ब्रश, चिमटा सगळं पाटावर होतं. ऑफिसच्या टेबलावर सॅनिटायझरची अर्धी बाटली पडून होती, साथीच्या काळातली. ते मी आणलं. तेल त्याने निघणार होतं, पण पाती आणि पट्टी यांच्यामधली फट कागदाएवढी. माझं बोट जाईना, टॉवेलचं टोक जाईना.

पप्पा पुढे झाले. बॉबिनवरून त्यांनी हातभर सूत ओढलं, सॅनिटायझरमध्ये भिजवलं, टोक दोन बोटांत वळून टोकदार केलं आणि वाकून फटीत घातलं. एका झटक्यात ते पलीकडून बाहेर आलं. इतकी वर्षं ते मागावर तुटलेले धागे बारीक छिद्रांतून ओवतायत. सूत दोन्ही बाजूंनी धरून त्यांनी हळू ओढलं. इकडून पांढरं गेलं, तिकडून राखाडी निघालं. परत नवं सूत. परत. मी सांगत होते, "अजून एकदा, पप्पा. आता डावीकडची पट्टी." ते करत होते. चौथं सूत पांढरंच बाहेर आलं.

सॅनिटायझर पूर्ण सुकेपर्यंत मी बॅटरी जोडू दिली नाही. सगळे वाट बघत उभे होते. एकजण फुंकर मारायला वाकला तर पप्पा म्हणाले, "थांब की रं. ती म्हणंल तवा."

मग मी पिन जोडली.

मालकांनी दांडा पुढे केला आणि गाडी सुटली. मागांच्या मधल्या लांब वाटेवरून, झेंडूच्या पाकळ्या उडवत, सरळ शेवटच्या मागापर्यंत. मोटरचा तो चिरका आवाज शेडभर घुमला. मालकांनी ती वळवली, दोन मागांखालून काढली, कामगारांच्या पायांतून काढली. माणसं उड्या मारून बाजूला होत होती आणि ओरडत होती, रोज मागांच्या आवाजात ओरडतात तशी. मालक ओरडून कुणालातरी काहीतरी सांगत होते, "मामा", "गच्ची" एवढंच ऐकू आलं. गाडी अव्वांच्या पायाशी येऊन थांबली तेव्हा त्यांनी तिला परत विभूती लावायला हात पुढे केला. "अव्वा, नको!" असं सगळेच एकदम ओरडले. मग त्यांनी ती माझ्या कपाळाला लावली.

"छलो आत, यव्वा," त्या म्हणाल्या. छान झालं, पोरी. "छलो आत."

रिमोट हातोहात फिरला. आईनेसुद्धा एक फेरी मारली, गाडी भिंतीला आपटली आणि रिमोट गरम भांड्यासारखा पुढच्याच्या हातात दिला. शेवटी रिमोट परत मालकांकडे आला. ते तिसऱ्या फेरीत होते तेव्हा गाडीच्या पोटातून बारीक, चिडका आवाज आला. टी टी टी टी.

"हे काय?" मालक म्हणाले.

"सेल संपत आला. थांबवायला लागेल."

"एवढी जोरात पळतीय आणि संपली कशी? एकच फेरी." गाडी निघालीसुद्धा. "एक फेरी, बास."

सगळे म्हणाले, "एक फेरी! एक फेरी!" पप्पा माझ्याकडे बघत होते. मला चाचांचे पकडलेले कान आठवले.

"नाही, मालक," मी म्हणाले. मघापेक्षा आवाज मोठा निघाला, मलाच दचकायला झालं. "बास. आता थांबवा. अजून पळवली तर सेल मरेल, मग परत चालायची नाही."

मालकांनी दांडा सोडला. गाडी वाटेच्या मधोमध थांबली. बझर तेवढा ओरडत होता. मी जाऊन पिन काढली आणि शेड शांत झालं.

"आता परत कधी?" मालकांनी विचारलं. खरंच विचारलं त्यांनी, आठवीतल्या मुलासारखं.

"चार्ज झाल्यावर. दोन तास लागतील. चार्जर घरी आहे."

"मग घरी ने गाडी, उद्या आण. दसऱ्याला." आणि मग पप्पांकडे वळून, "जॉबर, उद्या हिलाच पाठवा बरोबर. तुम्ही तेल घालाल."

घरी जाताना मोटरसायकलवर आम्ही तिघं होतो, आई मध्ये, मी मागे. पप्पा मान न वळवता म्हणाले, "वीस वर्षं झाली मला हितं. मालकांना 'बास' म्हणल्यालं कुणी बघितलं न्हवतं."

"चुकलं का माझं?"

"न्हाय की," पप्पा म्हणाले, आणि पुढच्या वळणावर आईला म्हणाले, "कडंच्या घरातले, टीव्ही बिघडलाय म्हणत हुते गं. म्हणलं, बघंल आमची पोरगी."

म्हणजे आलंच काहीतरी बिघडलेलं घरी. पण मी हसत होते. टीव्हीसाठी आयर्न लागली असती, आणि ती तर कारखान्यात पाटावर होती, पप्पांच्या पान्यांच्या रांगेत, विभूती लावलेली. दसऱ्यापर्यंत तिला कुणी हात लावणार नव्हतं. मीसुद्धा नाही.